आतड्यातील लोहाचे दोन दरवाजे

"रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या," हे वाक्य आपल्या घरांतील बहुतेक स्त्रियांनी ऐकलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्या घेऊनही रक्त वाढले नाही की "हिने गोळ्या फेकल्या असतील" असा ठपका तिच्यावरच येतो. कधी तसे असतेही. परंतु पोटात गेलेले लोह रक्तात उतरतेच असे नाही, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात व त्यांतील लोह पुन्हा वापरले जाते. म्हणून अन्नातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह मिळाले तरी सामान्यतः भागते. मात्र जादा लोह ठरवून बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. त्यामुळे सारा बंदोबस्त प्रवेशापाशीच, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे.

तेथील पेशीला दोन दरवाजे आहेत. अन्नाच्या बाजूचे प्रथिन डीएमटी-१ हे १९९७ साली ओळखले गेले. रक्ताच्या बाजूचे फेरोपोर्टिन २००० साली. (पालेभाजीवर लिंबू पिळल्याने लोह पहिल्या दरवाजातून जाण्याजोगे होते, जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो.)

हे दरवाजे किती असावेत, हे जनुकांच्या पातळीवर ठरते. पेशीत लोह कमी झाले की एचआयएफ-२ हे प्रथिन पेशीकेंद्रकात दोन्ही दरवाजांची जनुके अधिक जोमाने चालवते. शिवाय आयआरपी नावाची प्रथिने जनुकांच्या संदेशांना, म्हणजे संदेशवाहक आरएनएला, चिकटतात. डीएमटी-१ च्या संदेशाच्या शेवटी चिकटली की तो संदेश टिकतो व दरवाजे वाढतात. लोह साठवणाऱ्या फेरिटिनच्या संदेशाच्या सुरुवातीला चिकटली की त्याचे वाचनच थांबते. प्रथिन तेच, पण जागा बदलली की परिणाम उलटा! लोह भरपूर असेल तर याच्या उलट होते; लोह फेरिटिनच्या कोठारात अडकते आणि तीन ते पाच दिवसांत ती पेशी झडली की शौचावाटे निघून जाते.

या सर्वांवर हुकूम यकृताचा. तेथे हेप्सिडिन हा २५ अमिनो आम्लांचा छोटासा पदार्थ बनतो. तो फेरोपोर्टिनला चिकटून त्याला पेशीच्या आत ओढतो व नष्ट करवतो, हे २००४ साली स्पष्ट झाले. हेप्सिडिन वाढले की दुसरा दरवाजा बंद. क्षयासारखा जुनाट संसर्ग किंवा दाह असेल तरीही ते वाढते. रोगजंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीर लोह कोंडून ठेवते. अशा रुग्णाला नुसत्या गोळ्या देऊन काय होणार? मूळ दुखणे आधी शोधावे लागते.

लोहाच्या गोळीनेही हेप्सिडिन वाढते व ते सुमारे दिवसभर चढलेले राहते. झुरिच येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांनी तेवढ्याच गोळ्या रोज न घेता एक दिवसाआड घेतल्या तेव्हा शोषण अधिक झाले. म्हणून आपल्या बहिणींनी डॉक्टरांना एक दिवसाआडविषयी जरूर विचारावे. गरोदरपणी मात्र दिलेली मात्रा स्वतःहून बदलू नये.