धुराची वाट आधी, अग्नी मागाहून

मार्गशीर्षात श्रीरामाचा रथ नगरप्रदक्षिणा करून मंदिरी परतला, की फलटणच्या पहाटेला खरा गारठा चढू लागतो. आणि नेमक्या त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. आंघोळ झाली की डोके जड होते, मळमळते, पायांतले त्राण गेल्यासारखे वाटते. आणि घरची मंडळी त्याचा ठपका पित्तावर, उपासावर किंवा रक्तदाबावर ठेवून मोकळी होतात. वाचकहो, खरा अपराधी पुष्कळदा न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला असतो, आणि त्याच्याविषयी आज मी मनापासून चार शब्द सांगणार आहे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला तिच्या वडिलांनी अक्षरशः उचलून माझ्याकडे आणले. न्हाणीघरातून बराच वेळ हाकेला ओ येईना, म्हणून त्यांनी कडी तोडली, तो ती बादलीशेजारी निश्चेष्ट पडलेली. वाटेत शेजाऱ्याने तिच्या बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावले होते. त्यावर ९८ चा आकडा पाहून सर्वांचा जीव भांड्यात पडला होता. मी मात्र तिला प्राणवायू लावता लावता एकच विचारले, “पाणी कशावर तापवता?” “गॅसवर, डॉक्टरसाहेब,” वडील म्हणाले, “खिडकी आहे, पण वारं झोंबतं म्हणून पोरीनं पुठ्ठा लावला होता.” त्या पुठ्ठ्यातच निदान होते.

ते समजण्यासाठी गॅसच्या गीझरच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे, आणि त्याआधी, तुलनेसाठी, परदेशातल्या गॅसभट्टीच्या. कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेकरांकडे हिवाळा काढून आलेले आईवडील तेथील तळघरातल्या, सारे घर ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचे कौतुक करतात. खोलीतील तापमान उतरले, की भिंतीवरचा तापमान-नियंत्रक भट्टीला हुकूम धाडतो. परंतु भट्टी लगोलग पेट घेत नाही. आधुनिक भट्टीत प्रथम एक लहान पंखा फिरू लागतो आणि धुराच्या नळीत ओढ निर्माण करतो. ती ओढ पुरेशी आहे असा दाखला दाबावर चालणाऱ्या एका कळीकडून मिळाला, म्हणजे मगच ठिणगी पडते किंवा तापकांडी लाल होते, मग गॅसची झडप उघडते, आणि ज्वाला खरोखर पेटली आहे याची खात्री काही क्षणांत न पटल्यास ती झडप पुन्हा मिटते. सर्वांत शेवटी, धातूचा पडदा तापल्यावर, दुसरा मोठा पंखा घरातील हवा त्या पडद्यावरून फिरवतो. धूर पडद्याच्या एका बाजूने घराबाहेर जातो, घरातली हवा दुसऱ्या बाजूने फिरते, आणि दोघांची गाठ पडत नाही. म्हणजे धुराची वाट आधी आणि अग्नी मागाहून, असा तेथील दस्तूर आहे.

आपल्या न्हाणीघरातील गीझरची वहिवाट निराळी. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, कळ दाबली जाते, दोन बॅटरी-सेलांच्या बळावर ठिणगी उडते, झडप उघडते आणि तांब्याच्या नळ्यांखाली ज्वाळा भडकतात. ज्वाला विझली तर गॅस बंद करण्याची तजवीज बहुतेक गीझरांत असते. पण खिडकी उघडी आहे काय, हा प्रश्न साधा गीझर विचारीत नाही. तो फक्त पाणी ओळखतो, आणि ज्वलनाचे सारे अवशेष माथ्यावरच्या फटींतून त्याच कोंदट खोलीत सोडतो. सिलिंडरमधील एक भाग गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते. बंद न्हाणीघरात ती पाहता पाहता अपुरी पडते, आणि मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढू लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर नाकाला कळावे म्हणून गॅसमध्ये उग्र दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. परंतु हे विष जळण्यातून जन्मते, आणि त्याला तो दर्प नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला ते प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटते. प्राणवायूची जागा अशी बळकावली गेली, की मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. बोटावरचे साधे यंत्र या विषाने भरलेल्या रक्तालाही प्राणवायूने भरलेले समजते, म्हणूनच तो ९८ चा आकडा फसवा होता. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील आपल्या निजण्याच्या खोलीत याच वायूने गेले. धुराडे तुंबले होते.

तेव्हा लक्षणे ओळखा. आंघोळीत वा लगेच नंतर डोके दुखणे, चक्कर, ओकारी, गोंधळल्यासारखे होणे, क्वचित झटका येणे. घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी असा त्रास होणे, आणि मोकळ्यावर येताच तो ओसरणे, ही मोठी खूण आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक. अशा वेळी दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. बंद असेल तर छातीवर दाब देण्यास विलंब लावू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका. डॉक्टरांना “गॅसचा गीझर चालू होता” हे आवर्जून सांगा. साध्या हवेत या विषाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तेच काम सुमारे सव्वा ते दीड तासात होते. रुग्ण बरा दिसला तरी पुढील काही आठवडे त्याच्या स्मरणशक्तीवर आणि चालण्यावर नजर ठेवा, कारण या विषाचे पडसाद उशिराही उमटतात.

खबरदारी मात्र सोपी आहे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, आणि मगच आंघोळीस बसा. बाहेर हवा फेकणारा पंखा असेल तर हवा आत येण्यासही दाराखाली जाळी ठेवा. नुसत्या पंख्याने बंद खोलीचे काम भागत नाही. ज्वाला निळी न राहता पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर त्या दिवसापासून वापर थांबवून जाणकाराकडून तपासणी करा. आणि बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल कृपा करून सोडा. तेथेही हेच विष जन्मते, आणि तेथे तान्हे मूल असते.

आपल्या वाडवडिलांना या वायूचे नाव ठाऊक नव्हते. तरी तांब्याचा बंब परसात असे, त्याच्या पोटातून उभी नळी वर जाई, आणि स्वयंपाकघराच्या छपराला धुराडे ठेवल्यावाचून चूल मांडली जात नसे. याच फलटणात १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरिबाघरची चूल आणि कंदील अधिक स्वच्छ जळावेत म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली आहे. अशा गावात एका पुठ्ठ्यापायी लेकरू दगावावे, हे मला सोसवत नाही.

ती मुलगी पूर्ण बरी झाली. आठवड्याने वडील भेटले तेव्हा म्हणाले, गीझर मागल्या अंगणाच्या भिंतीवर हलवला, आणि खिडकीचा पुठ्ठा बंबात जाळला. आज रात्री निजण्यापूर्वी आपणही न्हाणीघराच्या दारात उभे राहा, आणि धूर येथून कोणत्या वाटेने जाईल, एवढे पाहून या.