चांगदेव, चिनी योगी आणि अमरत्वाची गोळी


आपल्या गुरुवारच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर निघतो. प्राणायाम, नाम, अनुष्ठान, हे सगळे नेमाने केले तर आयुष्य वाढते का? विचारणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

हल्ली घरातली तरुण मुले मोबाईलवर चिनी मालिका पाहतात. त्यात साधक डोंगरावर बसतात, श्वासाने अंगात शक्ती साठवतात, ती घट्ट करून पोटात सोन्याची गोळी बनवतात, मग त्या गोळीतून एक सूक्ष्म बालक जन्मते आणि माणूस हजारो वर्षे जगतो. पायरीपायरीने बढती! आमच्या बँकेत क्लार्कचा ऑफिसर व्हायला परीक्षा असे, इथे आकाशातून वीज अंगावर घ्यावी लागते.

ही कल्पना मात्र मालिकावाल्यांची नाही. चीनमध्ये ताओ पंथात ती फार जुनी. आरंभी लोक बाहेरचे औषध शोधत. हिंगूळ आणि पारा भट्टीत घालून गोळी करायची नि खायची. थांग घराण्यातले एकाहून जास्त सम्राट अशा गोळ्यांनी दगावले; इ.स. ८४६ साली गेलेला वूझोंग त्यांपैकीच. पुढे साधकांनी भट्टी बाहेर न मांडता देहातच मांडली. नाभीखाली एक स्थान, छातीत एक, मस्तकात एक. वीर्याचे सत्त्व, प्राण आणि चैतन्य, ह्यांना ते जिंग, ची आणि शेन म्हणतात. पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात रूपांतर करायचे. जिंग म्हणजे मुद्दल समजा. सामान्य माणूस मुद्दल खातो, साधक ते राखतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना हे परके वाटणार नाही. कुंडलिनी जागी झाल्यावर देहाला येणारे तेज आणि नवेपण माउलींनी तिथे सविस्तर सांगितले आहे.

आता ह्याच पंथातल्या एका थोर पुरुषाची हकीकत सांगतो. नाव छ्यू छूजी, जन्म ११४८. वांग छोंगयांग ह्यांचा हा शिष्य. अत्यंत विरक्त. त्याची कीर्ती चंगीझखानाच्या कानावर गेली, त्याने बोलावणे धाडले. खान तेव्हा साठीचा. अर्धे जग जिंकलेले, पण गुडघे आणि केस कुणाचे ऐकतात? सत्तरी ओलांडलेला हा संन्यासी चीनच्या पूर्व टोकाहून निघाला तो मंगोलियाचे माळ, समरकंद असे करत १२२२ मध्ये हिंदुकुशाजवळच्या छावणीत पोचला. खानाने पहिलाच प्रश्न टाकला : दीर्घायुष्याचे काय औषध आणलेत?

तलवारीच्या सावलीत उभा असलेला दुसरा कुणी असता तर चार गोळ्या काढून दिल्या असत्या. ह्याने सांगितले, आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारे औषध नाही. खान रागावला नाही. उलट त्या खरेपणावर खूश झाला. पुढे उपाय सांगितले तेही साधेच : वासना आवरा, काही दिवस एकटे निजा, हत्या कमी करा. पुढल्या वर्षी रानडुकराच्या शिकारीत खान घोड्यावरून पडला, तेव्हा म्हातारबुवांनी स्पष्ट सांगितले की आता शिकार कमी करा. म्हणजे बघा, आपला डॉक्टर जे सांगतो तेच!

खानाने त्याच्या मठांना कर माफ केला. १२२७ मध्ये दोघेही गेले, खानही आणि योगीही, एकाच वर्षी. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात छ्यू छूजीचे अवशेष आजही आहेत.

आपल्याकडे चांगदेवांची कथा ह्याला फार जवळची. योगबळाने चौदाशे वर्षे जगले अशी परंपरा. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते माउलींच्या भेटीला निघाले, हे लहानपणी सगळ्यांनी ऐकले आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते आधी पाठवलेले कोरे पत्र. वयाने लहान, ज्ञानाने मोठा, अशाला मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. मुक्ताई म्हणाल्या, चौदाशे वर्षे जगूनही कोराच राहिला. उत्तरादाखल आलेल्या चांगदेव पासष्टीच्या पासष्ट ओव्यांत आयुष्य वाढवण्याची एकही युक्ती नाही. पाहणारा आणि दिसणारा एकच, एवढाच विषय. आणि हे लिहिणाऱ्याने १२९६ साली एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेतली.

म्हणून बैठकीत कुणी विचारले तर मी म्हणतो, प्राणायाम जरूर करा, झोप लागते, मन थाऱ्यावर येते. पण रक्तदाबाची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नका, आणि आयुष्य वाढवतो म्हणून कुणी काढा विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चांगदेव पासष्टी वाचायला अर्धा तास पुरतो. येत्या गुरुवारी पोथी संपल्यावर ती एकत्र वाचू, मोठ्या अक्षरांच्या प्रती मी घेऊन येतो.