दुसरा बाण अडवता येतो



८ मे २०२० ची पहाट करमाडमध्ये कोणी विसरलेलं नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले २० मजूर टाळेबंदीत पायी गावाकडे निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल, एवढीच आशा होती. रेल्वे बंद आहे असं समजून ते थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली आणि त्यातले १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या सगळ्या देशाने पाहिल्या.

ही आठवण मी मुद्दाम काढली. 'सकारात्मक राहा, सगळं छान होईल' असे संदेश रोज आपल्या मोबाईलवर येतात. त्या मजुरांकडे हिंमत कमी होती का? नाही. त्यांचं काम बंद होतं आणि घरी जायला वाहन नव्हतं. म्हणून आधीच सांगते, मन घट्ट करायचं म्हणजे अन्याय मुकाट सोसायचा असं नव्हे. 'नशिबात होतं' असंही म्हणायचं नाही. घाव बसल्यावरही विचार करता यावा, मदत मागता यावी, हक्कासाठी उभं राहता यावं, यासाठी मनाची तयारी लागते. ती संकटाच्या दिवशी होत नाही. गोवर अंगावर आल्यावर त्याची लस शोधून काय उपयोग? ती आधीच टोचावी लागते.

माझीच गोष्ट

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोविडने गेला. मी नर्स. शेकडो नातेवाईकांना धीर दिलेला. पण स्वतः रडले नाही, तिसऱ्या दिवशी कामावर गेले. दोन महिन्यांनी ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत नेण्याचा आवाज आला आणि माझे हात थरथरायला लागले. झोप उडाली. सारखं एकच मनात, 'मी नर्स असून भाऊ वाचला नाही.' इकडे वहिनीला त्याचं बँकेचं पासबुक कुठे आहे हेही माहीत नव्हतं. विम्याचा हप्ता भरला होता की नाही, तेही नाही.

मला सावरलं ते गल्लीतल्या बायांनी. रोज संध्याकाळी दोघी-तिघी यायच्या, भाजी निवडत बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. एक दिवस त्यांच्यासमोर मी ढसाढसा रडले आणि त्या रात्री झोप लागली.

दोन बाण

संयुक्त निकायात सल्ल सुत्त आहे. त्यात तथागत बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ते दुखतंच. पण अजाण माणूस शोक करून, छाती पिटून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. पहिला बाण शरीराला, दुसरा मनाला. आजार, मरण, कामावरून काढणं, पाऊस न पडणं हा पहिला बाण. 'माझंच चुकलं, आता सगळं संपलं, लोक काय म्हणतील' हा दुसरा. पहिला नेहमी आपल्या हातात नसतो. दुसरा अडवायला शिकता येतं.

बाबासाहेब आणि रमाईंनी पोटची चार लेकरं गमावली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. दुःख संपलं होतं असं कोण म्हणेल? पण समोर काम होतं आणि सोबत हजारो माणसं होती. दुःखात माणसाला या दोन गोष्टी फार आधार देतात.

आजपासून करायच्या पाच गोष्टी

१. श्वास. रोज १० मिनिटं आनापान करा. पाठ ताठ ठेवून बसा, श्वास येताना-जाताना पाहा. मन भरकटलं तर रागावू नका, परत श्वासावर आणा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर शांत होतं. ही सवय चांगल्या दिवसांत लावा. पोहणं उथळ पाण्यात शिकतात, पुरात नाही.

२. माणसं. अर्ध्या रात्री हाक मारता येईल अशा तीन माणसांची नावं आणि नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. तीन नावं सुचत नसतील तर हाच पहिला इलाज समजा. विहारात दर आठवड्याला जा, बचत गटाची बैठक चुकवू नका. वर्षावासात ग्रंथवाचनाला जमतो तेव्हा वाचनानंतर पंधरा मिनिटं एकमेकांची खुशाली विचारा.

३. शरीर. सारखा थकवा, चिडचिड, धाप, कशात मन न लागणं हे कधी कधी रक्त कमी असल्यानेही होतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर ते कमी. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. आणि दारू. तिने दुःख बुडत नाही. झोप बिघडते, उदासी वाढते, घरात मारहाण होते. पाचवं शील आणि २२ प्रतिज्ञांमधली दारूची प्रतिज्ञा म्हणजे मनाच्या आरोग्याचाच नियम आहे.

४. लेकरं. पोराला प्रत्येक ठेचेपासून वाचवू नका. हरल्यावर 'कसं वाटलं?' विचारा, मग 'आता काय करशील?' विचारा. दहावीच्या निकालाआधीच घरात बोला: नापास झालास तरी जेवायला वाढणार आहे, पुन्हा परीक्षा देता येते. 'रडतोस काय बाईसारखा' हे वाक्य घरातून हद्दपार करा.

५. कागद. एका डब्यात आधार, रेशन कार्ड, पासबुक, जातीचा दाखला, आरोग्य योजनेचं कार्ड ठेवा. डबा कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो. १८ ते ७० वयाच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. शेंद्र्याच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्या, जालना रोडवर रोज दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा. खात्यातून हप्ता कापला गेला का, ते दरवर्षी बघा. निम्मी काळजी कागद सापडत नसल्याची असते.

कधी थांबायचं नाही

एवढं करूनही मन आजारी पडू शकतं. त्यात लाज नाही. साखर वाढते, बीपी वाढतं, तसंच हेही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली, कामात मन लागेना, बाळंतिणीचं रडू थांबेना, कुणी 'मी नसलेलंच बरं' असं बोलू लागलं, तर वाट पाहू नका. त्या माणसाला सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयात मनाच्या आजाराचं औषधही मिळतं. अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे एक दिवसही घालवू नका.

हे पान वाचून झालं की बाजूला ठेवा आणि भिंतीवर लावायची तीन नावं लिहायला घ्या. मग शेजारच्या ताईला विचारा, तुझ्या कागदावर माझं नाव लिहिशील का?

जयभीम. नमो बुद्धाय.