चिंगीला पुढचं शिकवताना

चि. ओंकार,


चिंगी घरात ‘बस’, ‘थांब’ आणि ‘ये’ चोख ऐकते, आता तिला पुढचं शिकवायचंय, हे वाचून फार आनंद झाला. देशी कुत्री शिकत नाहीत असं म्हणणाऱ्यांचं तू मनावर घेतलं नाहीस, हेही उत्तम केलंस. पण पुढचं शिकवायचं म्हणजे नव्या करामती, असं समजू नकोस. हेच तीन शब्द तिने जिन्यात, सोसायटीच्या गेटापाशी, समोरून मांजर पळत असताना आणि तू लांब उभा असताना पाळणं, हे खरं पुढचं शिक्षण. दिवाणखान्यातलं ‘बस’ आणि रस्त्यावरचं ‘बस’ एकच, हे कुत्र्याला आपोआप कळत नाही. नव्या जागी तिने ऐकलं नाही तर तिला हट्टी ठरवू नकोस. तिथे तो शब्द अजून शिकवायचा राहिलाय असं समज आणि खाऊ हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर.

‘थांब’ तीन बाजूंनी अवघड होतं: किती वेळ, किती लांबून, आणि आजूबाजूला काय चाललंय. तिन्ही एकदम वाढवलंस की ती उठणारच. म्हणून एक वाढवताना उरलेली दोन कमी करायची. घरात ती दोन मिनिटं थांबते ना? मग गेटापाशी पाचच सेकंद मागायची, आणि तेही तिच्या शेजारी उभं राहून. सलग दोनदा चुकली तर मागणी तुझी जास्त झाली. एक पायरी खाली ये.

आणखी एक, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ‘थांब’ सांगून लांब गेल्यावर लगेच तिथून ‘ये’ म्हणून बोलवू नकोस. तशी सवय लागली की ती बसल्या जागी तुझ्या हाकेचीच वाट बघते आणि हाकेआधीच उठते. तूच परत तिच्याजवळ जा, तिथेच खाऊ दे, आणि मग मोकळं करणारा शब्द म्हण. तो शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा. ‘चल’ घेऊ नकोस, दिवसभरात तो शंभर कारणांनी कानावर पडतो. ‘सुट्टी’ चालेल. दादा ‘सिट’ म्हणतो आणि वहिनी ‘बस’, तेही आधी एक करून घ्या.

लांबून ‘खाली’ म्हटल्यावर जागच्या जागी आडवं होणं मात्र तिला शिकवच. ती रस्त्याच्या पलीकडे असेल आणि मधून रिक्षा येत असेल तेव्हा ‘ये’ म्हणणं धोक्याचं असतं, तिथे हा शब्दच जीव वाचवतो. यात अडचण एकच येते: ‘खाली’ ऐकून कुत्रं आधी आपल्याकडे चालत येतं आणि मग पायाशी आडवं होतं. त्याचंही बरोबरच आहे, आजवर सगळा खाऊ आपल्या पायाशीच मिळालेला असतो. म्हणून सुरुवातीला तिला हार्नेस घालून, दोरीने बागेतल्या खांबाला बांध, दोन पावलं मागे सरक आणि आडवी झाली रे झाली की खाऊ तिच्या पुढच्या पंजांमध्ये पडेल असा टाक. तिथेच मिळतं हे तिला पटलं की अंतर हळूहळू वाढव. सोबत हाताची खूण शिकव. आधी हात वर कर, क्षणभर थांब, मग शब्द म्हण. शब्द आधी आला तर ती शब्दावरच भागवते, हाताकडे बघत नाही.

अशा आज्ञापालनाच्या स्पर्धाही असतात. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे तिथली पहिली चाचणी घेतली. त्यांचे पूडल नुसते शोभेचे नाहीत, त्यांना बुद्धी आहे, हे बाईंना दाखवून द्यायचं होतं. या स्पर्धांच्या सर्वांत वरच्या पातळीवर कुत्र्याला एकही शब्द न बोलता फक्त खुणांवर काम करावं लागतं, आणि एकसारख्या वस्तूंमधून मालकाच्या वासाची तेवढी वस्तू उचलून आणावी लागते. हा वासाचा खेळ पावसाळ्यात घरीच खेळता येईल. तीन-चार लाकडी चमचे चिमट्याने मांड, एक मात्र तळहातात चांगला चोळून ठेव. देशी कुत्र्याचं नाक काय चीज आहे ते तुला कळेल.

साखळीला झटके द्यायचा सल्ला तुला पुष्कळ जण देतील. ऐकू नकोस. कॅरन प्रायर हवाईत डॉल्फिन शिकवायच्या. पाण्यात पोहणाऱ्या प्राण्याला साखळी कशी घालणार? शिट्टी आणि मासा, एवढ्यावर ते सगळं शिकत. तीच रीत १९८४ च्या त्यांच्या पुस्तकातून असंख्य कुत्रेवाल्यांपर्यंत पोहोचली. चिंगीसाठी शिट्टीच्या जागी तुझं ‘शाबास’ पुरे, पण ते बरोबर त्या क्षणी आलं पाहिजे. खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीरचे बारीक तुकडे दे. मनुका, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

आंघोळीला किंवा इंजेक्शनला ‘ये’ म्हणून बोलवू नकोस. स्वतः जाऊन आण. ‘ये’ म्हटलं की नेहमी चांगलंच घडलं पाहिजे. आता ती वर्षाची होतेय, या वयात कुत्री येतं तेही विसरल्यासारखं करतात. तेवढे महिने मैदानात दहा मीटरची दोरी हार्नेसला लावूनच तिला सोड. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघ. तुला सोसवत नसेल तर तिचे पंजेही भाजतील. आणि एका वेळी पाचच मिनिटं, ती अजून उत्साहात असतानाच थांबायचं.

पहिले पंधरा दिवस फक्त गेटापाशीचं ‘थांब’ घे आणि कसं चाललंय ते कळव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या