संकेतस्थळांवरील कीड-नोंदींचे संकलन : रिक्त चौकट म्हणजे शून्य नव्हे

कामगंध सापळ्यांतील पतंगांची संख्या, प्रादुर्भावाची टक्केवारी, पर्जन्यमान, तापमान अशी कीड सर्वेक्षणास उपयुक्त असणारी बरीचशी माहिती आता संकेतस्थळांवर प्रसिद्ध होते. मात्र ती बहुधा जिल्हानिहाय व आठवडानिहाय स्वतंत्र पृष्ठांवर विखुरलेली असते. वीस जिल्ह्यांच्या सव्वीस आठवड्यांच्या नोंदी एकत्र करावयाच्या झाल्यास ५२० पृष्ठे उघडावी लागतात. हे काम हाताने केल्यास वेळ जातो आणि नकल करताना चुका होतात. त्यामुळे अनेक संशोधक व विषयतज्ज्ञ या कामासाठी पायथन भाषेतील छोटी स्क्रिप्ट वापरू लागले आहेत.

स्क्रिप्ट लिहिणे फारसे अवघड नाही. अवघड भाग पुढे येतो, तो म्हणजे पृष्ठावरून उचललेली प्रत्येक संख्या तिच्याच तारखेशी व तिच्याच गावाशी जोडलेली राहणे. प्रस्तुत लेखात कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या सापळा-नोंदींचे उदाहरण घेऊन या संकलनाची पद्धती व त्यातील धोके मांडले आहेत. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत लिहावयाची असतात.

संकलनाचे मूलभूत टप्पे

१. पृष्ठ मिळविणे : ‘रिक्वेस्ट्स’ हे ग्रंथालय दिलेल्या पत्त्यावरील पृष्ठाचा मूळ मजकूर आणून देते. हा मजकूर आधी जसाच्या तसा, दिनांकासह, संगणकावर जतन करावा. संकेतस्थळावरील आकडे नंतर सुधारले जातात किंवा काढूनही टाकले जातात. मूळ प्रत असल्यास पडताळणी शक्य होते.

२. पृष्ठाची रचना ओळखणे : ‘ब्यूटिफुल सूप’ हे ग्रंथालय त्या मजकुरातील तक्ता, ओळी व चौकटी वेगळ्या करते. त्यातील ‘फाइंड’ ही आज्ञा पहिलाच सापडलेला घटक देते, तर ‘फाइंड ऑल’ ही आज्ञा सर्व घटकांची यादी देते. नवशिक्यांच्या हाती अनेकदा एकच नोंद लागते, त्याचे कारण या दोन आज्ञांतील फरकात असते.

३. यादी तयार करणे : प्रारंभी एक रिकामी यादी तयार करावी आणि प्रत्येक ओळ वाचून झाल्यावर ‘अपेंड’ या आज्ञेने ती नोंद यादीच्या शेवटी जोडावी. रिकामी यादी पृष्ठे फिरविणाऱ्या आवर्तनाच्या बाहेर असणे आवश्यक आहे. ती आवर्तनाच्या आत लिहिल्यास प्रत्येक पृष्ठागणिक यादी पुन्हा रिकामी होते आणि अखेरीस केवळ शेवटच्या पृष्ठाच्या नोंदी शिल्लक राहतात.

४. जतन करणे : पूर्ण यादी ‘सीएसव्ही’ स्वरूपात साठवावी.

रिक्त चौकटीचा प्रश्न

बहुतेक प्राथमिक पाठांत प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्र यादी करण्यास शिकविले जाते. एका यादीत तारखा, दुसरीत गावे, तिसरीत पतंगांची संख्या घेतली जाते आणि शेवटी ‘झिप’ या आज्ञेने या याद्या जोडल्या जातात. तक्त्यातील प्रत्येक चौकट भरलेली असेल तोपर्यंत ही पद्धत चालते. सर्वेक्षणाच्या तक्त्यांत मात्र रिक्त चौकटी असतातच. सापळा पावसात कोसळलेला असतो, ल्यूरची मुदत संपलेली असते, अथवा निरीक्षक त्या दिवशी शेतावर पोहोचू शकलेला नसतो.

अशा चौकटीतील रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर होत नाही व स्क्रिप्ट थांबते. ती थांबू नये म्हणून दोन पळवाटा सर्रास वापरल्या जातात. एक म्हणजे ‘मजकूर असेल तरच यादीत घाल’ अशी अट लिहिणे. दुसरी म्हणजे रिक्त जागी शून्य भरणे. दोहोंचा परिणाम पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. संख्या प्रति सापळा प्रति रात्र पतंगांची आहे.

| रात्र | पृष्ठावरील नोंद | रिक्त चौकट वगळल्यास | शून्य भरल्यास |
|---|---|---|---|
| १० सप्टेंबर | ९ | ९ | ९ |
| ११ सप्टेंबर | ११ | ११ | ११ |
| १२ सप्टेंबर | रिक्त | १० | ० |
| १३ सप्टेंबर | १० | ३ | १० |
| १४ सप्टेंबर | ३ | ओळ गळाली | ३ |

गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. तिसऱ्या रकान्यात ९, ११ व १० अशा सलग तीन रात्री पातळी ओलांडलेली दिसते, म्हणजे फवारणीचा सल्ला निघतो. चौथ्या रकान्यात साखळी शून्याने तुटते, म्हणजे सल्ला निघत नाही. एकाच रिक्त चौकटीतून परस्परविरुद्ध असे दोन निष्कर्ष निघाले आणि त्यांपैकी एकालाही मूळ पृष्ठावर आधार नाही. १२ सप्टेंबरच्या रात्रीची संख्या अज्ञात आहे, एवढेच मूळ पृष्ठ सांगते. अशा वेळी सापळा तपासणे आणि फुले व बोंडे फोडून प्रादुर्भाव पाहणे हाच योग्य सल्ला ठरतो.

विशेष म्हणजे पहिल्या प्रकारात संगणक कोणतीही चूक दर्शवीत नाही. तारखांची यादी पाच नोंदींची आणि संख्यांची चार नोंदींची असली तरी ‘झिप’ लहान यादीपाशी निमूटपणे थांबते व शेवटची तारीख गळून पडते. पायथनच्या ३.१० या आवृत्तीपासून ‘झिप’ला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय जोडता येतो; तो वापरल्यास याद्यांची लांबी असमान असताना स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते. तथापि दोन याद्यांत वेगवेगळ्या ठिकाणी एकेक चौकट गळाली असेल, तर लांबी समान राहते आणि हा पर्यायही निरुपयोगी ठरतो.

उपाय : ओळ हेच एकक

खात्रीचा उपाय असा की रकान्यांच्या स्वतंत्र याद्या करूच नयेत. तक्त्यातील एक ओळ घ्यावी, तिच्यातील तारीख, जिल्हा, गाव व संख्या यांची एक ‘डिक्शनरी’ तयार करावी आणि ती संपूर्ण नोंद यादीत जोडावी. चौकट रिक्त असल्यास त्या जागी ‘नन’ हे मूल्य ठेवावे. पायथनमध्ये ‘नन’ म्हणजे ‘मूल्य नाही’. तो शून्य नव्हे. अशा रीतीने नोंद अपुरी राहिली तरी ती शेजारच्या नोंदीत मिसळत नाही.

आपल्याकडील अहवालांत ‘निरंक’ हा शब्द वारंवार येतो. सापळा तपासला व त्यात पतंग आढळला नाही, या अर्थाने तो लिहिला असल्यास त्याचे रूपांतर शून्यात करणे योग्य आहे. आडवी रेघ, ‘एनए’ किंवा ‘सापळा नाही’ यांसाठी मात्र ‘नन’ ठेवावा. कोणत्या खुणेचा कोणता अर्थ घेतला याची नोंद स्क्रिप्टच्या आरंभी लिहून ठेवावी आणि चौकटीतील मूळ मजकूर एका अतिरिक्त रकान्यात जपावा.

पुढील विश्लेषणातही हे भान आवश्यक आहे. ‘पांडास’ ग्रंथालयातील बेरजेची आज्ञा अज्ञात मूल्ये वगळून बेरीज करते आणि सर्वच मूल्ये अज्ञात असल्यास उत्तर शून्य देते. म्हणजे कष्टाने जपलेली रिक्त चौकट शेवटच्या टप्प्यावर पुन्हा शून्य होऊ शकते. आठवड्याच्या बेरजेसोबत किती रात्रींच्या नोंदी उपलब्ध होत्या, हा आकडा देणे म्हणूनच अनिवार्य समजावे.

इतर नेहमीच्या अडचणी

जोडलेल्या चौकटी : अनेक तक्त्यांत जिल्ह्याचे नाव एकदाच, चार-पाच ओळींना सामाईक अशा उंच चौकटीत लिहिलेले असते. त्याखालील ओळींत एक चौकट कमी असल्याने गावाचे नाव जिल्ह्याच्या रकान्यात सरकते. प्रत्येक ओळीतील चौकटी मोजाव्यात आणि संख्या कमी असल्यास आधीच्या ओळीतील जिल्हा पुढे न्यावा. ‘पांडास’मधील ‘रीड एचटीएमएल’ ही आज्ञा साध्या तक्त्यांसाठी हे काम आपोआप करते.

अंक व लिपी : देवनागरी अथवा गुजराती अंकांत लिहिलेली पूर्ण संख्या पायथनची ‘इंट’ ही आज्ञा अचूक ओळखते. परंतु हे रूपांतर करावयाचे राहिल्यास संख्या मजकूर म्हणूनच राहतात आणि क्रम लावताना १० हा ९ च्या आधी येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी पृष्ठांवरून मात्र रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी हाती येते. तिच्यासाठी स्वतंत्र परिवर्तक लागतो. तयार ‘सीएसव्ही’ एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावे विद्रूप दिसत असल्यास जतन करताना ‘यूटीएफ-८-सिग’ हे संकेतन निवडावे.

आठवड्याचा क्रमांक : आपले कीड-अंदाज प्रमाण हवामान आठवड्यांवर आधारलेले असतात. त्यातील पहिला आठवडा नेहमी १ ते ७ जानेवारी असतो, ५२ वा आठवडा २४ ते ३१ डिसेंबर असा आठ दिवसांचा असतो आणि लीप वर्षी नववा आठवडाही आठ दिवसांचा होतो. पायथनची ‘आयसो कॅलेंडर’ ही आज्ञा सोमवारपासून सुरू होणारा आंतरराष्ट्रीय आठवडा देते. १ जानेवारी २०२३ हा रविवार होता. त्या आज्ञेनुसार तो २०२२ चा ५२ वा आठवडा ठरतो, तर आपल्या पद्धतीनुसार २०२३ चा पहिला. त्यामुळे प्रमाण हवामान आठवडा तारखेवरून स्वतंत्रपणे काढावा.

एकक : आठ पतंग प्रति रात्र आणि आठ पतंग प्रति आठवडा यांत सात पटींचा फरक आहे. तक्त्याच्या शीर्षकातील एकक प्रत्येक नोंदीत समाविष्ट करावे.

रिकामी यादी : काही पृष्ठांवरील तक्ता पृष्ठ उघडल्यानंतर जावास्क्रिप्टद्वारे भरला जातो. ‘रिक्वेस्ट्स’ला केवळ मोकळा सांगाडा मिळतो आणि यादी रिकामी राहते. ‘नोंद मिळाली नाही’ याचा अर्थ ‘प्रादुर्भाव नाही’ असा लावला जाऊ नये, यासाठी प्रत्येक पृष्ठागणिक मिळालेल्या ओळींची संख्या छापून पाहावी.

संकलनाची आचारसंहिता

स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी तीच माहिती अधिकृत मार्गाने उपलब्ध आहे काय, हे पाहावे. भारत सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ २०१२ पासून कार्यरत असून तेथील अनेक संच थेट उतरवून घेता येतात. अन्य संकेतस्थळांच्या बाबतीत वापराच्या अटी व ‘रोबोट्स’ धारिकेतील सूचना वाचाव्यात, दोन विनंत्यांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवावे आणि स्रोताचा उल्लेख करावा. सर्वेक्षण तक्त्यांत शेतकऱ्यांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक असल्यास ते रकाने संकलित करू नयेत. कीड-विश्लेषणास त्यांची आवश्यकता नसते.

समारोप

गुलाबी बोंडअळीची अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर अल्पावधीतच पात्या, फुले वा बोंडांत शिरते. त्यानंतर फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने आणि २०२१ मध्ये पंजाबच्या माळवा पट्ट्याने या किडीचा तडाखा अनुभवला आहे. सल्ला उशिरा दिल्यास बोंडे हातची जातात. अकारण दिल्यास शेतकऱ्याचा खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि पांढऱ्या माशीसारख्या किडींना वाव मिळतो. म्हणून प्रत्येक संकलनानंतर यादीतील किमान दहा नोंदी यादृच्छिक पद्धतीने निवडून मूळ पृष्ठाशी ताडून पाहाव्यात आणि त्यांत रिक्त चौकटी असलेल्या ओळी आवर्जून घ्याव्यात. या पडताळणीला अर्धा तास पुरतो. तिच्यावाचून कोणताही सल्ला प्रसृत करू नये.