नखांची नवलाई

[आपल्या शरीरातील नख हा अगदी लहानसा भाग. तो वाढला की आपण कापतो आणि विसरून जातो. पण हे नख कसे तयार होते, किती वेगाने वाढते आणि आपल्या आरोग्याविषयी काय सांगते, हे जाणून घेणे मोठे मनोरंजक आहे. प्रस्तुत पाठात नखांची हीच माहिती सोप्या भाषेत दिली आहे.]

ईदच्या आदल्या रात्री, म्हणजे चांदरातीला, घराघरांत मेंदीचा सुगंध दरवळतो. लहान-मोठ्या मुली तळहातावर सुंदर नक्षी काढून घेतात. सकाळी हात धुतले की तळहात लालबुंद दिसतात. बोटांची नखेही रंगून जातात.

दोन आठवडे जातात. तळहातावरची नक्षी फिकट होते आणि हळूहळू नाहीशी होते. नखांवरचा रंग मात्र तसाच राहतो. पण तो एक गंमत करतो. महिनाभराने नीट पाहिले, तर नखाच्या मुळाशी एक बिनरंगी पट्टी दिसू लागते. दिवसेंदिवस ती रुंद होत जाते. मेंदीचा रंग जणू बोटाच्या टोकाकडे चालू लागतो. रमजान ईदला लावलेली मेंदी बकरी ईदपर्यंत नखाच्या पुढच्या भागात जाऊन पोहोचते.

असे का होते? तळहाताच्या त्वचेचा वरचा थर रोज थोडा थोडा झडतो. त्याबरोबर मेंदीही जाते. नख मात्र झडत नाही, ते पुढे सरकते. मुळाशी रोज नवे नख तयार होते आणि ते जुन्या नखाला पुढे ढकलते. म्हणून रंगही पुढे सरकतो. नखाच्या टोकाशी काहीच नवे घडत नाही. झाड शेंड्याकडे वाढते. नख मात्र बुडाकडून वाढते.

उर्दूत आपण ज्याला 'नाखून' म्हणतो, त्यालाच मराठीत 'नख' म्हणतात. हे नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. आपले केस, गाईची शिंगे, घोड्याचे खूर आणि पक्ष्यांची पिसेही मुख्यतः केराटिनचीच असतात. निसर्गाने एकाच प्रकारच्या मालापासून किती निरनिराळ्या वस्तू घडवल्या आहेत!

आता आपल्या अंगठ्याचे नख समोर धरा आणि त्याचे भाग ओळखा. वरची कडक, चकचकीत पट्टी म्हणजे आपण ज्याला नख म्हणतो ते. ती गुलाबी दिसते. पण तो रंग तिचा स्वतःचा नाही. नखाची पट्टी काचेसारखी अर्धपारदर्शक असते. तिच्याखाली मऊ त्वचेची गादी असते. त्या गादीतील बारीक रक्तवाहिन्यांचा रंग नखातून दिसतो. खात्री करून घ्यायची असेल, तर नखाचे टोक जोराने दाबा. नख पांढरे पडेल. सोडताच दोनेक सेकंदांत ते पुन्हा गुलाबी होईल. नखाचा जो भाग या गादीच्या पुढे वाढतो, तो पांढरट दिसतो. आपण कापतो तो हाच भाग.

नखाच्या बुडाशी एक पांढरट कोर दिसते. ती ईदच्या चंद्रकोरीसारखी असते. अंगठ्यावर ती स्पष्ट दिसते; करंगळीवर बहुधा दिसतच नाही. या कोरीपासून मागे, कातडीच्या आत दडलेला जो भाग आहे, त्याला 'नखमूळ' म्हणू या. हाच नखाचा कारखाना. येथे नव्या पेशी जन्माला येतात. मागून येणाऱ्या पेशी त्यांना पुढे लोटतात. पुढे जाता जाता त्या चपट्या होतात, त्यांच्यात केराटिन भरते, त्या कडक होतात आणि शेवटी मरतात. म्हणजे आपल्याला दिसणारे नख हे निर्जीव पेशींचे असते. त्यात मज्जातंतू नसतात. म्हणूनच नख कापताना दुखत नाही. परंतु नखाखालची गादी सजीव असते. नख गादीपासून उचकटले गेले, तर जीव कळवळतो तो यामुळेच.

नख आणि कातडी जेथे मिळतात, तेथे कातडीची एक पातळ किनार असते. पुष्कळ मुलांना ती कुरतडण्याची किंवा सोलण्याची सवय असते. ही सवय वाईट आहे. ती किनार म्हणजे कारखान्याच्या दाराला लावलेले कुलूप आहे. ते तुटले, की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. मग बोट सुजते, ठणकते आणि त्यात पू होतो.

नखे किती वेगाने वाढतात? हाताची नखे महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर. पायाची नखे याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने वाढतात. हाताच्या बोटांतही मधल्या बोटाचे नख जलद वाढते; अंगठा आणि करंगळी मागे राहतात. हाताचे संपूर्ण नख गेले, तर ते परत यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याच्या नखाला मात्र एक ते दीड वर्ष लागते. आता मेंदीचा हिशेब करून पाहा. रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंत सुमारे ६८ दिवस असतात. तेवढ्या दिवसांत नख जवळजवळ ७ मिलिमीटर पुढे सरकते.

एका माणसाने हाच हिशेब तब्बल पस्तीस वर्षे केला. ते होते अमेरिकेतील डॉक्टर विल्यम बीन. १९४१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी हे काम सुरू केले. दर महिन्याला ते आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर, मुळाजवळ, एक बारीक खूण कोरत. ती खूण टोकाला कधी पोहोचते, याची ते नोंद ठेवत. त्यांना काय आढळले? बत्तिसाव्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. सदुसष्टाव्या वर्षी ते ०.०९५ मिलिमीटरच वाढू लागले. वयाबरोबर माणसाची चाल मंदावते, तशी नखाचीही मंदावते. आपल्या पस्तीस वर्षांच्या नोंदी त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केल्या. त्यासाठी ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना महागडी यंत्रे. लागली ती फक्त चिकाटी.

नख मुळीच कापले नाही तर? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळते. पुण्याचे श्रीधर चिल्लाल शाळेत शिकत असताना त्यांच्या हातून शिक्षकांचे वाढवलेले नख चुकून मोडले. 'लांब नख जपणे म्हणजे काय, ते तुला कळणार नाही,' असे बोलणे त्यांना ऐकावे लागले. ते त्यांच्या मनाला लागले. १९५२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी डाव्या हाताची नखे कापणे बंद केले. २०१४ साली त्या हाताच्या पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटर होते! गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्समध्ये त्यांची नोंद झाली. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे ही नखे कापण्यात आली. तोपर्यंत सहासष्ट वर्षे लोटली होती.

आपण येथेही थोडे गणित करू. १९७.८ सेंटिमीटर म्हणजे १९७८ मिलिमीटर. १९५२ ते २०१४ ही झाली ६२ वर्षे. भागाकार केला, तर वर्षाला सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला अडीच मिलिमीटरहून थोडे अधिक. आपल्या आणि त्यांच्या नखांच्या वाढीत फारसा फरक नाही. फरक आहे तो न कापण्याचा. पण या विक्रमाची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. बोटे उघडता येईनात आणि मिटताही येईनात. रात्री कुशीवर वळणेही अवघड होई. जिद्द ही चांगली गोष्ट आहे; पण ती कशासाठी धरावी, याचाही विचार करावा लागतो.

डॉक्टर रोग्याची नाडी पाहतात, जीभ पाहतात, तशी नखेही पाहतात. नखे फिकी दिसत असतील, तर रक्त कमी असण्याचा संभव असतो. शरीरात लोह फार कमी झाले, तर नखे चमच्यासारखी खोलगट होऊ शकतात. नखे निळसर दिसली, तर शरीराला प्राणवायू कमी पडत असण्याचा संभव असतो. बोटांची टोके फुगून नखे घुमटासारखी गोल झाली, तर ते फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजाराचे लक्षण असू शकते. ही खूण ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे हजारो वर्षांपासून वैद्य आणि हकीम नखांकडे लक्ष देत आले आहेत.

फ्रान्समधील डॉक्टर बो यांनी १८४६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. माणूस खूप आजारी पडला, मोठा ताप आला, की नखाचा कारखाना काही दिवस मंदावतो किंवा थांबतो. माणूस बरा झाला, की तो पुन्हा सुरू होतो. परंतु तेवढ्या दिवसांची खूण एका आडव्या खाचेच्या रूपाने नखावर राहते. ती खाच नखाबरोबर पुढे सरकते. खाच मुळापासून ६ मिलिमीटर अंतरावर असेल, तर आजार सुमारे दोन महिन्यांपूर्वी झाला, असे म्हणता येते. माणूस आपले दुखणे विसरतो, पण नख ते काही महिने लक्षात ठेवते.

नखांविषयी काही चुकीच्या समजुतीही आहेत. नखांवर पांढरे ठिपके दिसले, की शरीरात कॅल्शियम कमी आहे, असे पुष्कळ लोक म्हणतात. खरे तर बहुतेक वेळा नखमुळाला लागलेल्या लहानशा माराने ते ठिपके पडतात आणि नखाबरोबर पुढे जाऊन कापले जातात. मृत्यूनंतरही नखे वाढत राहतात, ही समजूतही खरी नाही. मृत्यूनंतर त्वचा सुकते आणि मागे आकसते. त्यामुळे नखे लांब झाल्यासारखी भासतात, इतकेच.

नखे आपल्या किती उपयोगी पडतात! ती बोटांच्या नाजूक टोकांचे रक्षण करतात. जमिनीवर पडलेली सुई आपण नखांमुळेच उचलू शकतो. बोटाला होणारा स्पर्श नीट कळावा, म्हणून नख मागून आधार देते. अशा या सेवकाची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. वाढलेल्या नखांत मळ साचतो. त्या मळात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. जेवताना ती पोटात जातात. म्हणून आठवड्यातून एकदा नखे कापावीत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. नखे दातांनी कुरतडू नयेत. पायाची नखे सरळ कापावीत. कोपरे खोल कापू नयेत. तसे केले, तर नखाची कड मांसात रुतते आणि चालणे मुश्कील होते. आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्या पायांच्या नखांची विशेष काळजी घ्यावी. त्यांच्या पायाची लहान जखमही लवकर भरत नाही.

कधी दाराच्या फटीत बोट चेंगरते. नख काळेनिळे पडते आणि काही दिवसांनी गळून जाते. अशा वेळी घाबरू नये. डॉक्टरांना बोट दाखवावे, जखम स्वच्छ ठेवावी आणि धीर धरावा. नखमूळ शाबूत असेल, तर कारखाना पुन्हा कामाला लागतो. रोज एक दशांश मिलिमीटर, एवढीच त्याची चाल. पण तो सुट्टी घेत नाही. सहा महिन्यांनी पाहावे, तर बोटावर नवे, गुलाबी नख आलेले असते.

शब्दार्थ
नवलाई – आश्चर्याची गोष्ट
प्रथिन – शरीराची वाढ व झीज भरून काढणारे अन्नद्रव्य, प्रोटीन
अर्धपारदर्शक – ज्यातून थोडेसे आरपार दिसते असे
उचकटणे – ओढून वेगळे करणे
चिकाटी – काम न सोडता करत राहण्याचा गुण
अधू – दुबळा, नीट काम न करणारा
आकसणे – आखडणे, लहान होणे
शाबूत – न मोडलेले, सुरक्षित

स्वाध्याय
प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) नख कोणत्या प्रथिनाचे बनलेले असते?
(२) नख गुलाबी का दिसते?
(३) डॉ. बीन यांनी कोणत्या बोटाच्या नखाची नोंद ठेवली?
(४) पायाची नखे कशी कापावीत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) तळहातावरची मेंदी जाते, पण नखावरची पुढे सरकते. असे का होते?
(२) नखावरील आडव्या खाचेवरून डॉक्टरांना काय कळते?
(३) श्रीधर चिल्लाल यांना आपल्या विक्रमाची कोणती किंमत मोजावी लागली?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
(१) मनाला लागणे (२) जीव कळवळणे (३) किंमत मोजणे

प्र. ४. 'नखशिखांत' म्हणजे पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत. या अर्थाचा उर्दूतील वाक्प्रचार सांगा.

उपक्रम : आपल्या नखावर मुळाजवळ नेलपॉलिशचा किंवा मेंदीचा लहान ठिपका लावा. दर रविवारी पट्टीने त्याचे मुळापासूनचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. दोन महिन्यांनी आपल्या नखाचा रोजचा वेग काढा. मित्रांच्या नखांच्या वेगाशी त्याची तुलना करा.