आनुवंशिक मूत्रपिंडविकार आणि कुटुंबनियोजन

कुटुंबनियोजन म्हणजे केवळ अपत्यांची संख्या मर्यादित ठेवणे नव्हे. मूल केव्हा व कोणत्या परिस्थितीत जन्मास यावे, याचा पतिपत्नींनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय हा त्याचा खरा अर्थ होय. दोघांपैकी एकास आनुवंशिक मूत्रपिंडविकार असल्यास या विचाराची निकड अधिकच वाढते.

अशा विकारांत ‘पॉलिसिस्टिक किडनी’ हा विकार सर्वाधिक आढळतो. यात दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या पुटिका निर्माण होतात. त्या वर्षानुवर्षे वाढत जाऊन मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. प्रौढांतील या विकाराचे मूळ मुख्यत्वे दोन जनुकांतील दोषांत आहे. पैकी सोळाव्या गुणसूत्रावरील जनुकाचा शोध १९९४ मध्ये, तर चौथ्या गुणसूत्रावरील जनुकाचा १९९६ मध्ये लागला. लक्षणे बहुधा वयाच्या ३० ते ४० वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. तोवर अनेकांचा विवाह होऊन मुलेही झालेली असतात, हीच खरी अडचण आहे.

माता किंवा पिता बाधित असल्यास प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याचा संभव शेकडा ५० असतो. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. पहिले मूल बाधित झाले म्हणून दुसरे सुटेल, असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक गर्भधारणेत नाणे नव्याने उडविले जाते. मात्र ज्यास दोष मिळालाच नाही, तो तो पुढील पिढीस देत नाही.

यास्तव गर्भधारणेपूर्वीच मूत्रपिंडतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. रक्तदाब, लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. पत्नी बाधित असल्यास रक्तदाबाची काही औषधे गर्भास अपायकारक ठरतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच बदलावी लागतात. मूत्रपिंडांचे कार्य व रक्तदाब ठीक असलेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती सुखरूप होते. तथापि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असल्याने नियमित तपासणी अनिवार्य होय.

दांपत्यापुढे अनेक मार्ग असतात : संभव स्वीकारून मूल होऊ देणे, कुटुंबातील जनुकदोष निश्चित झाल्यास प्रयोगशाळेत फलित झालेल्या भ्रूणाची तपासणी करून दोषरहित भ्रूण निवडणे, अथवा दत्तक घेणे. अशा तपासण्या १९९४ च्या प्रसवपूर्व निदानविषयक कायद्याच्या अटींनुसार नोंदणीकृत केंद्रातच करता येतात. लिंगनिदान हा गुन्हा आहे.

मार्ग कोणता निवडावा, हे त्या दोघांनीच ठरवावयाचे आहे. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी निर्णय लादू नये. योग्य माहिती पोहोचवावी. विवाह जुळविताना आजार लपविणे जसे अनुचित, तसेच बाधित मुलीस किंवा सुनेस दोष देणेही अन्याय्य होय. आजार वारशाने येतो; अपराध वारशाने येत नाही.